स्लॅबचं पाणी भिंतीपासून दहा फूट लांब का सोडायचं?

जुलै-ऑगस्टमध्ये विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याची बातमी उघडा, दोन शब्द हमखास सापडतात: अतिवृष्टी आणि पडझड. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टीची नोंद होते, मग पंचनामे सुरू होतात आणि घरांच्या नावापुढे 'अंशतः पडझड' असं लिहिलं जातं. नाल्याकाठची घरं पुरात गेली तर कारण सगळ्यांना दिसतं. जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर माणसं पुरात अडकली तेव्हा हेलिकॉप्टर बोलवावं लागलं होतं. तिथे घरमालकाच्या हातात काहीच नव्हतं.

पण त्याच पंचनाम्यांत अशीही घरं असतात जी नाल्यापासून चांगली दूर आहेत, उंचवट्यावर आहेत. पुराचा थेंबही त्यांच्यापर्यंत पोचलेला नसतो. तरी कोपरा खचतो, खिडकीपासून तिरपी भेग जाते, खालचं प्लास्टर फुगून गळून पडतं. या घरांना भोवतं ते त्यांच्याच छताचं पाणी. त्यावरचा इलाजही साधाच आहे: छताचं पाणी जिथे उतरतं तिथून पुढे आणखी आठ-दहा फूट पाईप जोडायचा आणि पाणी उताराकडे लांब सोडायचं. टाइल्स, रंग, गेट यांवर खर्च होतो आणि हा तुकडा राहून जातो, कारण घरभरणीला आलेल्या पाहुण्यांना तो दाखवता येत नाही.

आधी हिशेब: छतावर पाणी पडतं तरी किती?

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं गणित तोंडी करता येतं.

प्रधानमंत्री आवास योजनेतल्या (ग्रामीण) घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. त्याच्या स्लॅबवर अतिवृष्टीचे ६५ मिलिमीटर पडले तर १,६२५ लिटर. दोनशे लिटरचे निळे ड्रम असतात ना, तसे आठ. घर सहाशे चौरस फुटांचं असेल तर अठरा ड्रम. हा झाला एका दिवसाचा पाऊस. हंगामात आठशे मिलिमीटर धरले तर घरकुलाच्या छतावरून वीस हजार लिटर उतरतं. उन्हाळ्यात गावात येणारा पाच हजार लिटरचा टँकर चार वेळा आणून घराच्या एका कोपऱ्यात ओतल्यासारखं ते होतं. पश्चिमेकडे बुलडाणा-अकोल्यात थोडं कमी, पूर्वेकडे गोंदिया-गडचिरोलीत बरंच जास्त.

अंगणातही तेवढाच पाऊस पडतो, पण तो सगळीकडे पसरून पडतो. छत मात्र आपल्या वाट्याचं सगळं पाणी गोळा करतं आणि एक किंवा दोन तोंडांनी खाली सोडतं. त्रास या गोळा होण्यात आहे.

आपल्याकडच्या बहुतेक स्लॅबच्या घरांना पाणी काढायला वीतभर बाहेर आलेला नळीचा तुकडा असतो, बस. पाऊस जोराचा असला की धार फूट-दीड फुटावर पडते. रिमझिम असली की पाणी नळीच्या खालच्या कडेला धरून मागे वळतं आणि भिंतीवरूनच उतरतं. शेवाळाचा हिरवा-काळा पट्टा दिसतो तो त्याचाच. जिथे धार पडते तिथे हंगामाच्या मध्यापर्यंत घमेल्याएवढा खड्डा तयार होतो, त्यात पाणी साचतं, त्यातून चिखल उडतो आणि भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत शिंतोड्यांची नक्षी उठते. तुमच्या घराला ही नक्षी आहे का, एवढं आज बाहेर जाऊन बघा. असेल तर पाणी पायाशी मुरतंय हे समजायला दुसऱ्या कुठल्या तपासणीची गरज नाही.

काळी माती नेमकं काय करते?

हेच पाणी कोकणातल्या जांभ्यावर पडलं असतं तर इतकं बिघडलं नसतं. आपल्याकडे खाली काळी माती आहे. कापसाला ती देव आहे, घराला मात्र वैरीण.

काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर असतात. ही खनिजं अतिशय पातळ पापुद्र्यांची बनलेली असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरून त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतं. म्हणून माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. पुरणासाठी रात्री चण्याची डाळ भिजत घातली की सकाळी भांडं भरून वर येते, तसं. आता अशी कल्पना करा की भांड्यातली अर्धीच डाळ भिजली आणि अर्धी कोरडीच राहिली, आणि त्या भांड्यावर तुमचं घर उभं आहे.

सगळ्या घराखालची माती एकसारखी फुगली असती तर घर केसभर वर उचललं गेलं असतं आणि कोणाला कळलंही नसतं. भेगा पडतात त्या कमी-जास्त ओलीमुळे. ज्या कोपऱ्यात स्लॅबचं पाणी पडतं तिथली माती जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चिंब. आतल्या खोलीखालची माती जवळजवळ कोरडी. एक बाजू वर ढकलते किंवा मऊ पडून दबते, दुसरी हलत नाही. विटांची भिंत दाबून धरलेलं वजन सोसते, पण वाकवलं-ताणलं की तडकते, आणि तडकते ती जिथे कमजोर आहे तिथे, म्हणजे खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपी.

पहिल्या पावसाचा तर वेगळाच प्रताप आहे. मे महिन्यात वावरात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात हे सगळ्यांना माहीत आहे. तशाच भेगा घराभोवती, अगदी जोत्याला लागूनही पडतात. मिरगाचा पहिला जोरदार पाऊस आला की छताची धार या भेगांत सरळ खाली जाते, पायाच्या तळापर्यंत. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि आत गेलेलं पाणी आतच राहतं. नंतरच्या पावसात हीच माती पाणी आत घ्यायलाच तयार नसते, म्हणून ते वर डबक्यासारखं उभं राहतं. आधी खोल शिरणं आणि मग वर तुंबणं, दोन्ही त्रास एकाच कोपऱ्याला.

"आमचा पाया चांगला पाच फूट खोल आहे"

हा पहिला आक्षेप, आणि तो चुकीचा नाही; पाया खोल असलेला बराच. पण जाड थराच्या काळ्या मातीत ऋतूप्रमाणे होणारी फुगण्या-आकसण्याची हालचाल साधारण साडेतीन मीटरपर्यंत, म्हणजे साडेअकरा फुटांपर्यंत जाणवू शकते. म्हणूनच रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा मातीसाठी खाली फुगीर गोळा असलेले काँक्रीटचे खांब विकसित केले. त्यांना अंडर-रीम्ड पाईल म्हणतात, आणि अशा मातीत ते किमान साडेतीन मीटर खोल न्यावेत असं भारतीय मानकात आहे. दोन खोल्यांच्या घराला असा पाया कोण घालतो? काळी माती उथळ असेल आणि पाया खालच्या पक्क्या मुरमाला किंवा खडकाला टेकला असेल तर तुम्ही निश्चिंत. नसेल तर पाच फुटी पायाही त्याच फुगणाऱ्या मातीत उभा आहे.

"आजोबांचं मातीचं घर ऐंशी वर्षं उभं राहिलं, त्याला कुठे पाईप होता?"

नव्हता. पण ते घर कुठे होतं आणि कसं होतं ते बघा. जुनी गावं पांढरीवर, म्हणजे फिकट मातीच्या जागेवर वसली आणि काळी माती शेतीला ठेवली. गावठाणाची जागा सहसा थोडी उंच, पाणी आपोआप वाहून जाणारी. आता गावठाण भरलं, म्हणून नवीन घरं आणि घरकुलं गावाच्या कडेला कालपर्यंत जिथे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी उभी होती त्या वावरात होतायत.

दुसरं, जुन्या कवेलूच्या (कौलांच्या) छपराची वळचण भिंतीपासून दोन-दोन फूट पुढे असायची. पाणी एका धारेत न पडता सगळ्या लांबीभर पागोळ्यांनी पडायचं. खाली दगडी जोतं, पुढे ओटा. शिवाय दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरले जायचे, भिंती लिंपल्या जायच्या. आजचं स्लॅबचं घर या सगळ्याला नाही म्हणतं: छज्जा नावापुरता, पाणी एका जागी, आणि देखभाल शून्य, कारण 'पक्कं घर आहे'. आणि जी मातीची घरं पडली ती आता मोजायला उरलेली नाहीत, हेही आहेच.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कवेलूच्या किंवा टिनाच्या छपराला बरेच जण हौसेने पत्र्याची पन्हळ लावतात आणि तिचं तोंड घराच्या कोपऱ्यात खाली सोडून देतात. यापेक्षा पन्हळ न लावलेली बरी. आधी पाणी पंचवीस फूट लांबीत वाटून पडत होतं, आता तेवढं सगळं एका हातभर जागेत. पन्हळ लावायची तर पुढचा लांब पाईप हवाच.

पायाचं राहू द्या, ओल वर कशी चढते?

विटेत आणि मातीत बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी स्वतःहून वर ओढलं जातं. ते अडवायला जोत्यावर काँक्रीटचा एक पाणीरोधक थर देतात, ज्याला मिस्त्री डीपीसी म्हणतात. खर्च वाचवायला तो गाळला किंवा बाहेरून मातीचा भराव त्याच्याही वर गेला की ओल खोलीत येते. पाणी भिंतीत सुकताना क्षार मागे ठेवतं, तोच लोणा. त्यावर दरवर्षी रंग मारला तर तो दरवर्षी उडणार. मातीच्या भिंतीचं याहून गंभीर आहे, त्यावर शेवटी बोलू.

पाईप जोडायचा तो कसा

स्लॅबला नुसती आखूड नळी असेल तर आधी तिला खाली वळवा. हार्डवेअरच्या दुकानात एसडब्ल्यूआर पाईप मिळतात, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्यासाठीच बनवलेले. ११० मिलिमीटर म्हणजे बोलीभाषेतला चार इंची घ्या. वर एक बेंड, मग भिंतीला धरून उभा पाईप, दर पाच-सहा फुटांवर क्लॅम्प. क्लॅम्पची कंजुषी नको. वानरांचा कळप एकदा त्या पाईपवरून उतरला की ढिला पाईप अंगणात. जमिनीच्या वीतभर वर पुन्हा बेंड, आणि तिथून पुढे आडवा पाईप, भिंतीपासून किमान सहा फूट, काळ्या मातीत दहा. पाईप दुकानात दहा आणि वीस फुटांच्या लांबीत मिळतो, म्हणजे एक आखूड पाईप न कापता पुरतो.

आडव्या पाईपला दहा फुटांत दोन इंच तरी उतार द्या. डोळ्याने अंदाज घेऊ नका, गवंड्याकडची पारदर्शक लेव्हलची नळी मागून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. पाईपचं तोंड जिथे संपतं तिथे जुन्या फरशीचे तुकडे किंवा गोटे टाका, नाहीतर तिथे नवा खड्डा होईल. वर स्लॅबवर नळीच्या तोंडाशी जाळी बसवा आणि मिरगाआधी एकदा कडुनिंबाचा पाला, पोरांचा चेंडू, कबुतरांच्या काड्या काढून टाका. तोंड तुंबलं की सगळं पाणी स्लॅबवरच उभं राहतं आणि मग त्रास वरून सुरू होतो.

नवीन पाईप घ्यायलाच हवा असं मात्र नाही. ज्यांच्याकडे तुषार सिंचनाचा संच आहे त्यांचे ७५ मिलिमीटरचे काळे पाईप पावसाळाभर गोठ्याच्या भिंतीला टेकून उभे असतात. हरभरा पेरेपर्यंत त्यांना काम नाही. वीस फुटांचा एक पाईप खालच्या बेंडला अडकवला, की भिंतीपासून वीस फूट लांब पाणी. ऑक्टोबरात काढून वावरात न्या. बसवताना रेड्यूसर, म्हणजे जाड पाईपाला बारीक पाईप जोडणारा तुकडा लागेल, आणि हा पाईप चार इंचीपेक्षा बारीक असल्याने वरची जाळी जास्त काळजीने साफ ठेवावी लागेल. मोटरीचा लपेटा पाईप, म्हणजे गुंडाळता येणारा चपटा पाईपही चालतो. बंडी किंवा ट्रॅक्टर आला तर तो गुंडाळून बाजूला करता येतो. त्याला पीळ पडू देऊ नका, एवढंच.

पाईप जमिनीखाली गाडावा का? दिसायला छान, पण मी तरी टाळीन. काळी माती हलते तसे सांधे उघडतात आणि मग गळती कुठे आहे ते कळतच नाही. रहदारीसाठी गाडावाच लागला तर सांधा भिंतीजवळ येऊ देऊ नका, आणि पाईपचं दुसरं तोंड उघड्यावर, डोळ्यांसमोर ठेवा. त्यावर जाळी, नाहीतर बेडूक-उंदीर आत मुक्काम करतात.

पाईपइतकाच महत्त्वाचा आहे जमिनीचा उतार. अमेरिकेच्या घरबांधणी संहितेत घरापासूनच्या पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच उतरती हवी असा नियम आहे. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: रस्ता दरवर्षी काँक्रीटने उंच होत जातो आणि अंगण खोलगट राहतं. तसं असेल तर भिंतीलगत भर घालून उतार बाहेर काढावा लागेल. भर कशाची, हे महत्त्वाचं. नुसता भुसभुशीत मुरूम टाकला तर पाणी त्यातून झिरपून खालच्या काळ्या मातीवर, भिंतीला लागून साचतं. थोडी चिकट पण न फुगणारी माती असलेला मुरूम थराथराने धुम्मस करून घाला. काळ्या मातीवर असा चिकट, न फुगणारा थर दाबून दिला की तिची उचल कमी होते, हे आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी आपल्या संशोधनातून मांडलं आणि कालव्यांच्या कामात ते वापरलंही गेलं.

"आम्ही भिंतीभोवती सिमेंटचा कोबा केलाय"

चांगलं केलंय, भिंतीलगतचा अडीच-तीन फुटी कोबा हवाच. पण छताची धार त्याच्यावरच आपटत असेल तर दोन-तीन वर्षांत तो भिंतीपासून सुटतो, मधे बोट जाईल अशी फट पडते आणि पाणी त्या फटीतून थेट पायाकडे जातं. कोबा आणि लांब पाईप, दोन्ही लागतात. फट दिसली तर डांबरी भरणीने बुजवा, नुसतं सिमेंट पुन्हा उलतं.

"सरकार म्हणतं पाणी जिरवा, आणि तुम्ही वाहून घालवा म्हणता"

घालवा म्हणत नाही, लांब न्या म्हणतो. पाणी जिरवायला काळी माती मुळात फार मंद आहे, त्यात भिंतीजवळ शोषखड्डा केला तर तुम्ही पायाखालीच ओल साठवताय. खड्डा भिंतीपासून किमान पंधरा फूट लांब, आणि भरला की पुढे वाट असलेला हवा. संडासाच्या टाकीत तर छताचं पाणी कधीच सोडू नका. एका पावसात टाकी भरून उलटी वाहते. ड्रम ठेवून वापरायला पाणी धरणं उत्तम, पण हिशेब आठवा: अतिवृष्टीत घरकुलाचं पाणी आठ ड्रम, तुमचा ड्रम एक. उरलेले सात ड्रम त्याच जागी सांडणार. म्हणून ड्रमलाही वरून निघणारा पाईप द्या. झाकण पक्कं ठेवा, डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो.

"जागाच नाही, पलीकडे शेजाऱ्याची भिंत"

दाट गावठाणात ही खरी अडचण. तुमचा पाईप शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडला तर त्रास फक्त घर बदलतो, आणि भांडण ठरलेलं. दुसऱ्याच्या जागेत पाणी सोडायचा हक्क आपोआप मिळत नाही. १८८२ च्या वहिवाटीच्या कायद्यात त्यासाठी वीस वर्षं उघडपणे आणि विनाअडथळा चालत आलेला वापर लागतो. तेव्हा पाईप आपल्याच भिंतीच्या कडेने, उतार धरून, समोरच्या नालीपर्यंत न्या. बोळ सामाईक असेल तर दोघांनी मिळून मधोमध सिमेंटची उथळ नाली काढणं स्वस्त पडतं. स्लॅब अजून टाकायचा असेल तर सगळ्यात सोपं: मिस्त्रीला आधीच सांगा की स्लॅबचा ढाळ रस्त्याकडे द्यायचा, बोळाकडे नाही. हे सांगायला एक पैसा लागत नाही.

भेग आधीच पडली असेल तर

लगेच सिमेंट भरू नका. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करा, मधलं अंतर मोजा, शेजारी तारीख लिहा. पाईप लावा आणि एक पावसाळा-एक उन्हाळा जाऊ द्या. भेग पावसात मिटते आणि उन्हाळ्यात उघडते असं दिसलं तर खेळ काळ्या मातीचाच आहे. पाईप लावल्यावर हा खेळ मंदावला, की मग भेग भरा. जुलैत दार अडकतं म्हणून मात्र घाबरू नका, लाकूडही ओलीने फुगतं. भेग पाच मिलिमीटरच्या वर रुंद असेल, वाढतच असेल किंवा तिच्या दोन बाजू पुढे-मागे झाल्या असतील, तर पाईपवर भागणार नाही, इंजिनिअर बोलवा. भिंतीलगत मोठं झाड असेल तर तेही त्यांना दाखवा. उन्हाळ्यात मुळं त्या बाजूची ओल ओढून घेतात आणि माती आकसते.

मातीच्या भिंतीला ही सवड नसते. वाळलेली मातीची भिंत भरपूर वजन पेलते, पण तळाशी भिजली की तिची ताकद झपाट्याने जाते, आणि ती पडते तेव्हा आधी फारशी सूचना देत नाही. तळाचा हातभर भाग काळपट ओला दिसत असेल, पोपडे सुटत असतील, भिंतीला पोट आलं असेल, तर पाऊस थांबेपर्यंत त्या भिंतीकडेला खाट टाकू नका, पलीकडे जनावरं बांधू नका. वर ताडपत्री टाकता येईल तेव्हा टाका; पागोळ्यांचं पाणी तळाशी पडू नये म्हणून खाली तिरपा टिन लावून ते आधी बाहेर ढकला. आणि हे काम आजच करा, पंचनामा भिंत पडल्यावर होतो.